गाडी गरम होते, कूलंट कमी होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की हे प्रश्न सुरू होतात, आणि सगळ्यात जास्त येतात ते मे महिन्यात गावाला निघायच्या आदल्या रात्री. उत्तरं नेहमीच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहेत. गाडी आत्ता रस्त्यात वाफा सोडत उभी असेल तर बाकीचं नंतर वाचा, थेट प्रश्न 4 वर जा.

1. कूलंट टाकायलाच पाहिजे का? आमचे बाबा तर आयुष्यभर नळाचं पाणीच टाकत आले.

बाबांच्या गाडीला ते चालत होतं. अँबॅसिडर, पद्मिनीच्या जमान्यात रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे, घाट लागायच्या आधी डिकीत पाण्याचा कॅन आहे ना हे बघितलं जायचं आणि वर पोचल्यावर बॉनेट उघडून गाडीला दम खाऊ द्यायचा हा प्रवासाचाच भाग होता. आताच्या गाड्यांच्या इंजिनचं हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचं, रेडिएटर अॅल्युमिनियमचा आणि त्याच्या बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. गंमत म्हणजे उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरसच आहे, पण ते 100 अंशांना उकळतं आणि आतून गंज धरतं. निम्मं-निम्मं मिश्रण 107 च्या आसपास उकळतं, आणि सिस्टिममधल्या प्रेशरमुळे तो आकडा 125 च्याही पुढे जातो (प्रेशरचं प्रश्न 10 मध्ये). बोअरचं पाणी तर अजिबात टाकू नका, त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटर चोक. बादलीत हिटर टाकता त्याच्यावर जो पांढरा थर चढतो ना, तोच.

2. हिरवं, लाल, निळं, गुलाबी... माझ्या गाडीत कुठलं? एकात दुसरं मिसळलं तर चालतं का?

रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, त्याचं काही ठरलेलं स्टँडर्ड नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असेल आणि दुसऱ्या कंपनीचं हिरवं लाँग लाइफ. गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पेसिफिकेशन दिलेलं असतं, ते डब्यावर आहे का बघून घ्या. वेगळ्या जातीची मिसळली तर लगेच स्फोट वगैरे होत नाही, पण गंज रोखणारी रसायनं एकमेकांचं काम बिघडवतात, आणि काही जोड्यांत गाळ धरतो. वाटेत अडलात आणि काय घालावं कळत नाहीये, तर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे आपलं बॅटरीचं पाणी टाका, कुठल्याही पेट्रोल पंपाजवळ मिळतं. आणि डब्यावर "रेडी टू यूज" लिहिलंय का "कॉन्सन्ट्रेट" ते वाचा. कॉन्सन्ट्रेट पाणी न मिसळता तसंच ओतणारे खूप जण आहेत, त्यांना वाटतं जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं. तसं नाहीये, नुसतं ग्लायकॉल उष्णता कमी वाहून नेतं.

3. लेव्हल कधी आणि कुठे बघायची?

सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, सपाट जागेवर. बॉनेटखाली जी पांढुरकी पारदर्शक बॉटल असते तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात, लेव्हल त्यांच्या मध्ये पाहिजे. गरम इंजिनवर लेव्हल वर चढलेली दिसते, ते खरं धरू नका. एक लक्षात ठेवा, बॉटल दोन प्रकारच्या असतात. काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर वेगळं आणि बॉटल नुसती ओव्हरफ्लोची, तिच्यात प्रेशर नसतं. तिथे बॉटल भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा असंही होऊ शकतं, म्हणून अधूनमधून थंड गाडीवर रेडिएटरचं झाकणही उघडून बघायचं, कूलंट काठोकाठ दिसलं पाहिजे. दुसऱ्या प्रकारात बॉटललाच प्रेशरवालं झाकण असतं, तिथे बॉटल जे दाखवते तेच खरं.

4. काटा लाल वर गेलाय, घाटात आहे. आत्ता काय करू?

एसी बंद. हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, खिडक्या खाली. वेड्यासारखं वाटतं पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, तेवढी उष्णता तो इंजिनमधून बाहेर काढतो. पहिली सुरक्षित जागा मिळाली की गाडी बाजूला घ्या, वळणावर नको, हझार्ड लावा. वाफ येत नसेल आणि काटा खाली उतरतोय असं दिसलं तर दोन मिनिटं आयडलवर राहू द्या. वाफ असेल, लाल दिवा पेटलाच असेल किंवा काटा हलतच नसेल तर इंजिन बंद. बॉनेट उघडा आणि लांब व्हा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: झाकणाला हात लावू नका. आतलं कूलंट शंभरच्या वर असतं आणि निव्वळ प्रेशरमुळे उकळायचं थांबलेलं असतं, झाकण सैल केलं की ते क्षणात उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा जाड पाइप फडक्याने दाबून बघा, टणक लागला तर अजून प्रेशर आहे, मऊ दाबला गेला तर जाड फडकं ठेवून झाकण थोडंसं फिरवा, फुस्स होऊ द्या, मग पूर्ण उघडा. आणि गरम इंजिनवर बाहेरून बिसलेरीची बाटली ओतणारा कोणी मदतीला आला तर त्याला चहा पाजा पण ओतू देऊ नका. तापलेलं हेड असं एकदम थंड झालं तर तडकू शकतं.

पाणी भरून पुढे निघायचं का, हे कूलंट कुठे गेलं त्यावर. बॉटलमधून उकळून सांडलं असेल तर भरून हळू जाता येईल. पाइप फाटलाय आणि धार लागलीये तर टोइंग, दुसरा इलाज नाही. "पुढच्या टोल नाक्यापर्यंत नेतो" म्हणून नेलेल्या गाड्यांचीच इंजिनं बसतात.

5. माझ्या गाडीत काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा आहे. मग कसं कळणार?

बऱ्याच छोट्या गाड्यांत आता असंच आहे. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, थोड्या वेळात विझतो. लाल पेटला म्हणजे उशीर झालाच आहे, त्याकडे सूचना म्हणून नाही तर हुकूम म्हणून बघा. काटा असलेल्यांनीही फार निश्चिंत राहू नये, कारण बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, आत तापमान बरंच खालीवर झालं तरी तो हलत नाही. खरा आकडा हवा असेल तर ब्लूटूथवाला छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) घ्या आणि मोबाइलवर बघा. साधारण 85 ते 105 अंश हे नॉर्मल, 110 च्या पुढे जाऊन तिथेच राहिलं तर थांबा.

अजून एक फसवं प्रकरण: कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर हवेत लोंबकळतोय, तर काटा खाली जातो आणि इंजिन आत भाजत असतं. वास येतोय, पिकअप पडलाय, आणि काटा मात्र निवांत... काट्यावर विश्वास ठेवू नका.

6. कूलंट कमी होतं पण खाली कुठेच गळत नाही. इंजिन थोडंफार पितंच ना?

नाही. पेट्रोल जळतं, ऑइल थोडं जळतं, कूलंटला जळायचं काही कारणच नाही. सील असलेली सिस्टिम आहे, वर्षभरात बोटभर लेव्हल उतरली तर एक वेळ सोडून देऊ, पण दर महिन्याला टॉप-अप लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. टॉप-अप करणं म्हणजे रिपेअर नाही, आणि "सगळ्याच गाड्यांना लागतं हो" म्हणणारा गॅरेजवाला बदला.

गळती जमिनीपर्यंत पोचत नाही कारण गरम इंजिनवर पडलेला थेंब वाटेतच सुकतो. म्हणून ओल शोधू नका, डाग शोधा. टॉर्च घ्या आणि पाइपच्या क्लिपांजवळ, रेडिएटरचं प्लॅस्टिक जिथे अॅल्युमिनियमला दाबलेलं असतं त्या शिवणीवर, आणि वॉटर पंपाच्या खाली बघा. पंपाला (काही मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात) खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते मुद्दामच ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की कूलंट तिथून पाझरतं आणि भोकापासून खाली एक पांढरट-हिरवट खरखरीत ओघळ सुकलेला दिसतो. नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. हा दिसला की पंप बदलायचा, पर्याय नाही.

बाहेर कुठेच नाही? मग ड्रायव्हरच्या बाजूच्या पायपुसणीखाली हात घाला आणि दुसऱ्या बाजूलाही. चिकट ओल, गोडसर वास, काच आतून तेलकट धुरकट होतेय, तर हीटर कोर, म्हणजे हीटरचा तो छोटा रेडिएटर, गळतोय. तेही नाही तर प्रश्न 13. गॅरेजमध्ये "प्रेशर टेस्ट करा" एवढंच सांगा, थंड इंजिनवर पंपाने प्रेशर देऊन ठेवतात आणि गळती समोर येते.

(एसी लावल्यावर डाव्या बाजूला खाली टपकणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी म्हणजे गळती नव्हे. ते टपकत नसेल तर काळजी करा.)

7. हायवेवर काही नाही, सिग्नलला उभी राहिली की काटा चढतो. काय बदलू?

आधी काही बदलू नका. गाडी कधी गरम होते हे सांगता आलं की निम्मं काम झालं, आणि तुमचं वर्णन फॅनकडे बोट दाखवतंय. धावताना वारा रेडिएटर थंड करतो, उभी असताना फॅन. टेस्ट सोपी: इंजिन सुरू करून एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन थोड्या वेळात फिरलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग कनेक्टर, मग मोटर, याच क्रमाने, कारण याच क्रमाने ते स्वस्त आहे. फॅनची रिले बऱ्याचदा हॉर्नच्या किंवा दुसऱ्या रिलेसारखीच असते, आकडा जुळत असेल तर अदलाबदल करून मिनिटात कळतं. फॅन फिरतोय पण दुबळा, तर दोन स्पीडवाल्या फॅनचा एक स्पीड गेलेला असतो.

फॅन ठणठणीत असेल तर कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मध्ये बघा. गावाकडच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांत तिथे माती, किडे, पाचटाचा भुगा यांची गादी बसलेली असते, समोरून दिसत नाही. साध्या पाइपने, इंजिनच्या बाजूकडून पुढे पाणी मारून काढायची. वॉशिंगवाल्याचं प्रेशर गन जवळून मारलं तर फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) आडव्या होतात आणि मग वाराच जात नाही.

8. माझं उलटं आहे. गावात ठीक, खंबाटकी किंवा कसारा चढताना गरम होते.

म्हणजे वारा आहे, पण कूलंट पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटरच्या नळ्या आतून भरल्यात. संशयित: क्षाराने चोक रेडिएटर, अर्धाच उघडणारा थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा वॉल्व्ह), आतली पाती झिजलेला पंप, लोडवर चपटा होणारा खालचा पाइप, घसरणारा बेल्ट. रेडिएटर चोक आहे का बघायचं तर इंजिन गरम करून बंद करा आणि रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा, मध्येच थंड पट्टे लागले तर तिथून कूलंट वाहत नाहीये.

आणि थोडं ड्रायव्हिंगचंही. पाच माणसं, टपावर बॅगा, बाहेर 42 अंश, एसी चालू आणि बोरघाटात चौथ्या गिअरवर गाडी रेटतोय... गिअर खाली घ्या. आरपीएम वाढला की पंप जोरात फिरतो. मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी खोपोलीच्या वर कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये धडधाकट गाड्याही असतात.

9. मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे गरजच नाही.

हा सल्ला महाराष्ट्रभर मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट थंडीसाठी नाही, इंजिन त्याच्या ठरलेल्या तापमानावर राहावं म्हणून आहे. साधारण 82 ते 88 अंशांना तो उघडायला लागतो. काढला की इंजिन गारच राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून वॉर्म-अप चालू आहे, तो जास्त पेट्रोल सोडतो, अॅव्हरेज पडतं, चेक इंजिन लागतो (पी0128 हा कोड बऱ्याचदा त्याचाच). काही इंजिनांत तर बायपास बंद करायचं कामही थर्मोस्टॅटच करतो, तो नसेल तर कूलंट रेडिएटर सोडून परस्पर फिरतं आणि घाटात गाडी जास्त गरम होते. अडकलेला थर्मोस्टॅट ओळखायचा तर काटा भराभर चढतोय, वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा गारच. काढून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात टाका, उघडतो का डोळ्यांनी दिसतं. नवा फार महाग नसतो, नवाच टाका.

10. झाकणासारखी क्षुल्लक गोष्ट खरंच गाडी गरम करू शकते?

करू शकते, आणि लोक सगळ्यात शेवटी तेच बघतात. ते नुसतं झाकण नाही, कुकरच्या शिट्टीसारखा वॉल्व्ह आहे. साधारण 0.9 ते 1.1 बार धरून ठेवतो. रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की प्रेशर बनत नाही आणि कूलंट वेळेआधीच उकळून बाहेर. त्याच झाकणात उलटा वॉल्व्हही असतो, गाडी थंड होताना तो कूलंट परत आत ओढू देतो. तो अडकला तर सकाळी वरचा पाइप आत चेपलेला दिसतो. बदलताना झाकणावरचा आकडा जुळवून घ्या, "हे पण बसतं" म्हणून मिळेल ते घेऊ नका.

11. गाडी बंद केल्यावरही फॅन फिरत राहतो. बॅटरी उतरेल का?

काही मिनिटं फिरून थांबत असेल तर नॉर्मल, बऱ्याच गाड्यांत तसंच ठरवलेलं आहे. थांबतच नसेल तर रिले चिकटलीये. आणि थंड गाडी सुरू केल्या केल्या फॅन फुल स्पीडने, एसी बंद असूनही, तर टेम्परेचर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. सेन्सर बोलेनासा झाला की कॉम्प्युटर खबरदारी म्हणून फॅन लावूनच ठेवतो.

12. कूलंट बदलून आणलं आणि त्या दिवसापासूनच गरम व्हायला लागली!

एअर लॉक. हवेचा फुगा आत राहिला की तिथे कूलंट पोचत नाही, हीटर गरम वारा देत नाही, डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज येतो. थंड गाडीवर झाकण उघडून, हीटर फुल गरम करून इंजिन आयडलवर ठेवा, लेव्हल बसेल तशी भरत जा, फॅन दोनदा लागून बंद झाला की बहुतेक हवा निघालेली असते. काही गाड्यांत हवा काढायचा स्क्रू वेगळा असतो. गाडीचं नाक चढावर असेल तर लवकर निघते. दुसऱ्या दिवशी थंडीत लेव्हल परत बघा, थोडी उतरणारच. हे सगळं करूनही हवा पुन्हा पुन्हा येतच राहिली तर पुढचा प्रश्न वाचा.

13. हेड गॅस्केट गेलं हे नक्की कसं कळतं? मेकॅनिकने न उघडताच सांगितलं.

हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालच्या इंजिन ब्लॉकच्या मधलं सील. ते गेलं हे न उघडता कळू शकतं, पण टेस्ट करून, अंदाजाने नाही. लक्षणं: थंड गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटांतच वरचा पाइप दगडासारखा टणक, बॉटलमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर जो इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, सकाळी सुरू करताना एखादा सिलिंडर अडखळणं. डिसेंबर-जानेवारीत पुणे-नाशिकला सकाळी पहिली पाच मिनिटं निघणारी पांढरी वाफ याच्यात धरू नका.

पक्कं करायला ब्लॉक टेस्टर असतो: निळं द्रावण असलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात, सिलिंडरमधला जळका गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. हे नाही तर लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते बघणं. दोन्ही नाही आणि थेट "हेड उतरवावं लागेल", तर दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवा.

उतरवलंच तर हेड सरळ आहे का हे पट्टी आणि फिलर गेजने तुमच्यासमोर मोजायला सांगा. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांत 0.05 मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही, म्हणजे डोळ्यांनी दिसणारच नाही. वाक असेल तर फेसिंग (हेडची बाजू मशिनवर घासून सपाट करणं), आणि नवे बोल्ट लागतात का ते मॅन्युअलमध्ये बघा. फेसिंग न करता नुसतं गॅस्केट बदललेलं काम पुढच्या उन्हाळ्यात परत येतं.

14. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखं साचलंय. संपलं का सगळं?

थांबा, डिपस्टिक काढा. पावसाळ्यात रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन नीट तापतच नाही, आतल्या दमटपणाचं पाणी झाकणाखाली जमून असा फेस होतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल तर एकदा तासभर हायवेला मारून आणा, जाईल. डिपस्टिकवरही तसंच दुधाळ असेल किंवा ऑइलची लेव्हल आपोआप वाढली असेल तर गाडी सुरूच करू नका, उचलूनच न्या. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांना एक जादा सूचना: काही गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या आतूनच थंड होऊन जातं, ती नळी आत फुटली तर बॉटलमध्ये गुलाबीसर मलई दिसते. तेव्हा इंजिनपेक्षा गिअरबॉक्सची घाई करा.

15. रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात...

थांबते, खरंच. बारीक भोकात पूड जाऊन अडकते. पण ती भोक ओळखत नाही, हीटर कोरच्या नळ्यांतही तशीच जाऊन बसते. रात्री अकराला अर्ध्या रस्त्यात असाल तर ठीक, घरी पोचल्यावर फ्लश करा आणि रेडिएटर बघा. विकत मिळणाऱ्या स्टॉप-लीकचंही तेच. एम-सील लावलेली प्लॅस्टिकची टाकी तर पहिल्या घाटापर्यंतच.

16. सीएनजी लावल्यापासून कूलंट कमी होतंय. गॅसमुळे इंजिन गरम होतं का?

आधी रिड्यूसरचे (गॅसचं प्रेशर कमी करणाऱ्या भागाचे) पाइप बघा. टाकीत 200 बारला असलेला गॅस प्रेशर उतरताना खूप गार होतो, रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवतात. त्यासाठी मूळ पाइप कापून टी टाकलेले असतात आणि बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गळती तिथल्याच क्लिपांवर असते. खूण म्हणजे गाडी सीएनजीवर झटके देते, रिड्यूसरवर दव किंवा बर्फ धरतो. म्हणजे कूलंट तिथवर पोचत नाहीये. आधी लेव्हल, मग ट्यूनिंग.

17. जूनमध्ये पुण्याहून लेहला गाडीने जायचंय. वेगळं कूलंट लागेल?

वेगळं नाही, योग्य मिश्रण लागेल. निम्मं-निम्मं साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. पण वर्षभर पाण्याने टॉप-अप करत आला असाल तर आत किती ग्लायकॉल उरलंय देवालाच माहीत, रिफ्रॅक्टोमीटरने मोजून घ्या नाहीतर सरळ बदला. बदलायची मुदत मॅन्युअलप्रमाणे, जुन्या पद्धतीचं साधारण दोन वर्षं, लाँग लाइफ पाच किंवा जास्त. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका, चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. लहान मुलांच्या हाती तर नकोच.

18. दगड लागून रेडिएटर फुटला, तसंच चालवत आणलं, इंजिन जाम झालं. इन्शुरन्स मिळेल?

रेडिएटरचे मिळतील, इंजिनचे बहुधा नाही. दगड लागणं हा अपघात, पण लाल दिवा दिसत असताना चालवत राहिल्यामुळे झालेलं नुकसान हे परिणामी नुकसान धरलं जातं आणि साध्या पॉलिसीत ते वगळलेलं असतं. इंजिन प्रोटेक्ट अॅड-ऑन असेल तरी त्याच्या अटी वाचा, त्यात अनेकदा पाणी शिरणं आणि ऑइल गळणं एवढंच असतं. सर्व्हेयर गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड काढून घेऊ शकतो, त्यामुळे "दिवा लागलाच नाही" हे सांगून फार उपयोग होत नाही. जिथे दगड लागला तिथेच थांबून फोटो काढा, टोइंगची पावती ठेवा, आणि गाडी उघडायच्या आधी कंपनीला कळवा.